दयेची जकात कोणी भरावी?

एखाद्या राष्ट्राने आपल्या सरहद्दीच्या आत एखाद्या प्राण्यास अभय द्यावे, त्याच्या छळास कायद्याने गुन्हा ठरवावे, आणि तोच छळ परमुलखात घडून त्यातून निपजलेला माल मात्र जकात भरून राजरोस आपल्या बंदरात उतरू द्यावा, या वर्तनास धर्मदृष्टीने काय म्हणावे? ब्रिटनच्या पार्लमेंटाने इ. स. २००० साली कायदा करून इंग्लंड व वेल्समध्ये केसाळ कातड्यासाठी प्राणी पाळण्याचा धंदा बंद केला. मुंगसाएवढ्या मिंक प्राण्याला जन्मापासून मरणापर्यंत तारेच्या अरुंद पिंजऱ्यात कोंडून ठेवावे आणि अंगावरचे केस पुरते भरले म्हणजे कातड्यासाठी मारावे, हे सार्वजनिक नीतीस धरून नाही, हेच त्या कायद्याचे मुख्य कारण होते. परंतु ज्या कातड्यासाठी ते पिंजरे इंग्लंडात निषिद्ध ठरले, तेच कातडे परदेशातील तशाच पिंजऱ्यांतून येऊन लंडनच्या दुकानांत विकले जाण्यास त्या कायद्याने मज्जाव केला नाही. कायद्याचा अंमल सरहद्दीपाशी संपतो, हे कोणीही मान्य करील. पण ज्या विवेकबुद्धीने तो कायदा करविला, ती विवेकबुद्धीही जकातनाक्यावरच थांबावी, हे मान्य करणे माझ्या मनास जड जाते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संदर्भात झाला नाही हे उघड आहे. तरी त्याचे मूळ तत्त्व येथे फार पूर्वी आणि फार स्पष्टपणे मांडले गेले. पतंजलीने योगसूत्रांत हिंसेचे भेद सांगताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केली असता जिला आपण संमती दिली ती, अशा तिन्ही हिंसा एकाच पंक्तीत बसविल्या. जैन आचार्यांनी कृत, कारित आणि अनुमोदित या त्रयीवर व्रतांची सारी बांधणी केली. मनुस्मृतीतील अनेक वचने आज न्यायबुद्धीच्या माणसास मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु तिच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाला अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांस सारखेच घातक म्हटले आहे, आणि त्या मालिकेत खरेदीदाराला जी जागा दिली आहे ती आजच्या बाजारपेठेच्या नीतिशास्त्रालाही पुरून उरावी अशी आहे.

याच्या विरुद्ध एक दाखला काढता येईल आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. बौद्ध विनयाप्रमाणे भिक्षूने मांसाची भिक्षा स्वीकारावी की नाही हे तीन गोष्टींवर ठरे: हा प्राणी माझ्यासाठी मारलेला मी पाहिला नाही, तसे ऐकले नाही, तशी शंकाही मनात नाही, एवढे असेल तर पात्रात पडलेले मांस निर्दोष. भिक्षूच्या बाबतीत ही कसोटी समंजस आहे, कारण भिक्षू काही मागत नाही. पडेल ते घेतो आणि न पडल्यास उपाशी राहतो. ग्राहकाची गोष्ट निराळी. त्याच्या मागणीवाचून जाळे पाण्यात पडत नाही आणि पिंजऱ्याला दार बसत नाही. त्याच बुद्धाने संसारी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रे, मद्य आणि विष यांच्या जोडीला सजीवांचा आणि मांसाचाही व्यापार आहे. म्हणजे भिक्षापात्राला जी मुभा त्याने दिली ती दुकानाच्या गल्ल्याला दिली नाही.

आधुनिक व्यापाराचा कायदा मात्र भिक्षूची ती कसोटी व्यापाऱ्यासाठी पत्करून उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली झालेला गॅट करार, ज्याच्या मूळ तेवीस राष्ट्रांत भारताचाही समावेश होता, या तत्त्वावर आधारलेला होता की दोन वस्तू रूपाने, गुणाने आणि उपयोगाने सारख्या असतील तर त्या कोणत्या देशातून आल्या हे पाहून त्यांत भेद करू नये; आणि या तत्त्वाचा अर्थ लावताना पुढे असे मानले जाऊ लागले की त्या कोणत्या रीतीने तयार झाल्या हेही पाहू नये. या दंडकामागे दुष्टबुद्धी नव्हती. दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रत्येक राष्ट्राने जकातीच्या भिंती उभारून शेजाऱ्याचा रोजगार बुडविला होता, आणि नीतीचे निमित्त करून आपल्या कारखानदाराचे संरक्षण करण्याची कला सर्वांस अवगत होती. तेव्हा अधिकाऱ्याने मालाकडे पाहावे, मालाच्या इतिहासाकडे पाहू नये, हीच सुरक्षित वाट वाटली. करारनाम्याच्या विसाव्या कलमात अपवाद ठेवले होते: सार्वजनिक नीतिमत्तेच्या रक्षणासाठी, मनुष्य, प्राणी व वनस्पती यांच्या जीवितासाठी, आणि क्षय पावणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या जतनासाठी राष्ट्रांना बंधने घालता यावीत. परंतु चार दशकांहून अधिक काळ प्राण्यांच्या बाबतीत त्या अपवादांची कसोटी लागण्याचा प्रसंग क्वचितच आला. आणि १९९१ साली तो आला तेव्हा, डॉल्फिनांच्या कळपांभोवती जाळी टाकून धरलेल्या ट्यूना माशावर अमेरिकेने घातलेली आयातबंदी मेक्सिकोच्या फिर्यादीवरून गॅटच्या पंचमंडळाने अयोग्य ठरविली. पकडण्याच्या रीतीवरून मासा निराळा होत नाही, असा तो निवाडा. तो निवाडा रीतसर मंजूर असा कधी झाला नाही. पण त्याची छाया पुष्कळ काळ राहिली.

ती छाया ज्या खटल्याने दूर केली त्यात फिर्यादी म्हणून आपला देश उभा होता, म्हणून त्याचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. कोळंबी धरणारा ट्रॉलर आपले पिशवीसारखे जाळे समुद्राच्या तळाशी तासन्‌तास ओढीत नेतो. कासव पाण्यात राहत असले तरी श्वास हवेतच घेते. जाळ्यात सापडल्यावर त्यास वर येता येत नाही, आणि सागरात वाढलेला हा जीव सागरातच बुडून मरतो. त्यावर निघालेला उपाय साधा आहे: जाळ्याच्या निमुळत्या गळ्यात तिरकी बसविलेली धातूच्या गजांची एक चौकट, गजांमध्ये सुमारे चार इंचांचे अंतर, कोळंबी त्या फटींतून मागच्या पिशवीत जाते, आणि कासव गजांवर अडून, तिरकस घसरत, जाळ्याला मुद्दाम ठेवलेल्या झडपेतून मोकळ्या पाण्यात निघून जाते. आपल्या कोळंबीच्या बोटींना ही चौकट सक्तीची केल्यावर अमेरिकेने १९८९ साली कायदा केला की ज्या देशांत असे साधन वापरले जात नाही त्यांची समुद्रातील कोळंबी आपल्या देशात येऊ नये. आरंभी हा नियम कॅरिबियन व पश्चिम अटलांटिकच्या काठच्या देशांपुरताच लागू झाला आणि त्यांना तयारीसाठी तीन वर्षांची मुदत मिळाली. पुढे तेथील एका न्यायालयाच्या हुकुमावरून मे १९९६ पासून तो साऱ्या जगाला लागू करण्यात आला, आणि आशियातील देशांच्या वाट्याला जेमतेम चार महिने आले. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जिनिव्हात, गॅटची जागा घेतलेल्या जागतिक व्यापार संघटनेकडे, फिर्याद गुदरली.

आमच्याकडे देवळांत गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव बसविलेले असते आणि त्याला हात लावून नमस्कार केल्यावाचून भाविक पुढे सरकत नाही. विष्णूच्या दहा अवतारांत दुसरा अवतार कूर्माचा. अशा देशाने कासवासाठी घातलेल्या बंदीविरुद्ध जिनिव्हात जावे याची खंत कोणालाही वाटेल, मलाही वाटते. पण ती फिर्याद नीट वाचली असता कासवाविरुद्ध नव्हती हे दिसून येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सागरी कासवांचा समावेश भारताने आधीच केलेला होता. भारताचे म्हणणे एवढेच होते की आमच्या समुद्रात कासव कसे वाचवावे हे आम्ही ठरवू, ते वॉशिंग्टनच्या खात्याने परस्पर ठरवून दाखल्यावाचून माल घेणार नाही असे म्हणू नये. या म्हणण्यात स्वाभिमान होता आणि तो रास्त होता. त्यात एक उणीवही होती: परिशिष्टात नाव लिहिल्याने जाळ्यातील कासव सुटत नाही, आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर, जेथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने अंडी घालण्यास येतात, मेलेल्या कासवांचे खच त्याच काळात पडत होते.

ऑक्टोबर १९९८ मध्ये त्या संघटनेच्या अपील मंडळाने जो निवाडा दिला तो दोन्ही बाजूंना पूर्ण समाधान देणारा नव्हता, आणि म्हणूनच बहुधा तो टिकला. मंडळाने म्हटले की सागरी कासव हे क्षय पावणाऱ्या नैसर्गिक संपत्तीत मोडते; समुद्र ओलांडून फिरणाऱ्या या प्राण्याशी अमेरिकेचा संबंध पोहोचतो; आणि माल कोणत्या रीतीने मिळविला हे पाहून आयातीवर बंधन घालणे तत्त्वतः अपवादाबाहेर नाही. परंतु अमेरिकेने ते बंधन ज्या प्रकारे अंमलात आणले त्यात पक्षपात होता, कारण काही देशांशी तिने वाटाघाटी करून करार केला, त्यांना मुदत व साहाय्य दिले, आणि आशियातील देशांना नुसता हुकूम पाठविला. अमेरिकेला आपले नियम सुधारावे लागले, तांत्रिक मदत देऊ करावी लागली, हिंदी महासागराच्या देशांशी कासवांविषयी बोलणी करावी लागली. आणि त्यानंतर मलेशियाने पुन्हा तक्रार केली तेव्हा २००१ साली मंडळाने बंदी कायम ठेवली. या निवाड्यात मला जे मोलाचे वाटते ते हे की दुसऱ्याच्या मुलखातील जीवाची काळजी करण्याचा अधिकार मान्य करतानाच, तो अधिकार गाजविणाऱ्यावर आधी त्या मुलखातील माणसांशी बोलण्याचे कर्तव्य घातले गेले.

मात्र एका गोष्टीचा हिशेब त्या निवाड्यात नाही, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ तेथेच आहे. ती चौकट बसविण्याचा खर्च, झडपेतून कासवाबरोबर निसटणारी थोडी कोळंबी, आणि नवे जाळे हाताखाली बसेपर्यंतचा तोटा कोणी सोसावा? जेथे तांडेलाचा आणि खलाशांचा मोबदला पकडीच्या वाट्यावर ठरतो तेथे हा तोटा मालकाच्या वहीत राहत नाही, घराघरांत वाटला जातो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना जुळेल अशी चौकट तयार केली, तरी ती पुरेशा बोटींवर चढली नाही, आणि २०१९ साली अमेरिकेने भारताची समुद्रातील कोळंबी पुन्हा बंद केली. नफ्याचा मोठा भाग जेथे राहतो तेथे, म्हणजे माल गोठवून पाठविणाऱ्यांकडे आणि पलीकडच्या घाऊक खरेदीदारांकडे, या खर्चाचा वाटा आपोआप जात नाही. तो किनाऱ्याच्या दिशेने खाली उतरत येतो. याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचे पाहावे. तेथे २००२ सालापासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने कासवांची अंडी राखण्याचे काम आरंभिले; पूर्वी जी अंडी चोरीला जात ती कुंपणात पुरून पिल्ले समुद्रात सोडण्यात येऊ लागली, आणि ते पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांची घरोघरी राहण्याजेवणाची सोय करून गावाला चार पैसेही मिळू लागले. तेथे कोणी कोणावर बंदी घातली नाही. दया करणाऱ्यांनी दयेचा खर्च आपसांत वाटून घेतला, एवढेच.

कासवाच्या खटल्यात कायद्याने पाहिली ती जातीची संख्या. एकेका कासवाची वेदना त्याच्या विचारात नव्हती. वेदनेचा प्रश्न जिनिव्हापुढे सरळ आला तो सीलच्या खटल्यात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर बर्फात होणाऱ्या सीलच्या शिकारीची, सोट्याने डोके फोडण्याच्या त्या रीतीची चित्रे युरोपच्या लोकांनी पाहिल्यावर १९८३ साली प्रथम तेव्हाच्या युरोपीय समुदायाने पांढऱ्या लोकरीच्या पिल्लांच्या कातड्यांवर, आणि २००९ साली सीलपासून बनलेल्या जवळजवळ सर्वच मालावर युरोपीय संघाने बंदी घातली. सील नामशेष होत आहेत असा युरोपचा दावा नव्हता. अशा क्रूरतेने मिळविलेल्या वस्तू आपल्या बाजारात विकल्या जाणे हे आमच्या लोकांच्या नीतिमत्तेस दुखविते, एवढेच त्याचे म्हणणे होते. कॅनडा आणि नॉर्वे यांनी फिर्याद केली, आणि मे २०१४ मध्ये अपील मंडळाने प्राण्यांच्या वेदनेविषयीची चिंता ही सार्वजनिक नीतिमत्तेचा भाग होऊ शकते हे मान्य केले. व्यापाराच्या न्यायपीठाने मुक्या जीवाच्या दुःखाला प्रथमच एवढी मोठी जागा दिली, आणि या गोष्टीचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण कथा एवढ्यावर संपत नाही. त्याच उत्तरेत इन्युइट नावाचे लोक राहतात, ज्यांचे अन्न, वस्त्र आणि दिव्याचे तेल पिढ्यान्‌पिढ्या सीलवर चालले. त्यांच्या जुन्या समजुतीप्रमाणे सील हा योग्य शिकाऱ्यास आपण होऊन वश होतो. खाऱ्या पाण्यात राहून तो तहानलेला असतो, म्हणून मारलेल्या सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचे चार थेंब घालण्याचा त्यांचा रिवाज होता. मारलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी घालणाऱ्या या माणसाला निर्दय म्हणण्यापूर्वी युरोपने आपल्या स्वयंपाकघरातील मांस कोणत्या कत्तलखान्यातून आले याचा विचार केला असता तर बरे झाले असते. १९८३च्या बंदीचा रोख ज्या पिल्लांवर होता ती हे लोक मारीत नसत. तरीही बाजारच कोसळल्यामुळे त्यांच्या कातड्यांची किंमत गेली आणि आर्क्टिकच्या वस्त्यांतील रोकड आटली. २००९च्या कायद्यात त्यांच्यासाठी अपवाद ठेवण्यात आला, पण त्याचा लाभ व्यवहारात ग्रीनलंडच्या इन्युइटांना झाला आणि कॅनडाच्या इन्युइटांना झाला नाही. याच मुद्द्यावर मंडळाने युरोपला दोष दिला आणि पुढल्या वर्षी युरोपला कायदा सुधारावा लागला. कॅनडा व नॉर्वे यांनी असेही विचारले होते की आपल्या कत्तलखान्यांतील आणि रानातील शिकारीतील क्रौर्य सहन करणाऱ्या युरोपला सीलचाच एवढा कळवळा का यावा. मंडळाने उत्तर दिले की सारख्या नैतिक प्रश्नांना सारखाच कायदा लावावा अशी सक्ती राष्ट्रांवर नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर असेल, कारण परक्या न्यायाधीशाने एखाद्या समाजाची नीती तपासू लागणे हे अरिष्टच होय. परंतु धर्माच्या दृष्टीने तो प्रश्न जागच्या जागी उभा राहतो. जो प्राणी लांब बर्फावर मरतो त्याच्यावर दया करण्यास काहीच सोडावे लागत नाही. जो रोज ताटात येतो त्याच्यावर दया करण्यास ताट बदलावे लागते.

येथे कोणी म्हणेल की आयातबंदी ही सक्ती नसून व्रत आहे: आम्ही कोणाला मारू नका असे सांगत नाही, आम्ही विकत घेणार नाही एवढेच म्हणतो, आणि न घेण्याचा अधिकार तर ज्याचा त्याला आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि हिंसेत खरेदीदाराचा वाटा आहे असे एकदा म्हटल्यावर मला तो नाकारताही येत नाही. परंतु व्रत आणि दंड यांतील अंतर व्रत घेणाराच्या सामर्थ्यावर अवलंबून असते. एका गृहस्थाने कोळंबी सोडली तर समुद्रावर कोणाची चूल विझत नाही. जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठेने सोडली तर विझते. ज्याच्या व्रताचा भार दुसऱ्याच्या मानेवर पडतो त्याने त्या व्रताचे पुण्य एकट्याने मिरवू नये. त्याने भाराखाली आपलाही खांदा दिला तरच ते व्रत धर्म्य होईल.

या कसोटीवर पाहता एक प्रसंग पुष्कळसा निर्दोष उतरतो. सौंदर्यप्रसाधनांची चाचणी सशांच्या डोळ्यांवर आणि उंदरांच्या कातडीवर करण्यास युरोपीय संघाने टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि मार्च २०१३ पासून, प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने कोठेही बनलेली असोत, त्यांच्या विक्रीसही बंदी केली. भारताने २०१४ साली अशी चाचणी आणि अशा मालाची आयात या दोन्ही बंद केल्या. चीनने, जेथे परदेशी प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी सक्तीची होती, २०२१ साली बहुतेक सामान्य प्रसाधनांपुरती ती सक्ती अटी घालून उठविली. येथे खर्च पडला तो मोठ्या कंपन्यांवर आणि त्यांच्या प्रयोगशाळांवर, ज्यांना तो पेलण्यासारखा होता. ही बंदी देशोदेशी इतक्या सुकरतेने पसरली याचे श्रेय माणसाच्या अंतःकरणाला जितके, तितकेच या वाटणीलाही द्यावे लागेल.

विक्रेता या नात्याने भारतानेही नीतीसाठी आपला बाजार बंद केल्याची उदाहरणे आहेत. येथून रीसस माकडे परदेशी प्रयोगशाळांत जात आणि पोलिओच्या लशीसाठी त्यांचा मोठा उपयोग झाला. केवळ वैद्यकीय संशोधनासाठीच ती वापरावीत अशी अट असता लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत ती मारली गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने ती निर्यात थांबविली. १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली. शेतात कीड खाणाऱ्या बेडकाला जिवंतपणी कापून त्याचे मागचे पाय युरोपच्या ताटांसाठी पाठविण्याचा तो धंदा होता, आणि तो गेला हे फार चांगले झाले. परंतु युरोपची भूक त्याने कमी झाली नाही. तंगड्या इंडोनेशियातून येऊ लागल्या. विकणाऱ्याने हात आखडल्याने हिंसेचे ठिकाण बदलते, आणि ती थांबविण्याचे सामर्थ्य शेवटी घेणाऱ्याच्याच हाती उरते. आयातबंदीच्या कल्पनेवर माझा विश्वास बसला तो याच कारणाने.

हाच प्रश्न आपल्या घरातही आहे. विनोबांच्या प्रेरणेने जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर गोवंशरक्षणासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे शांतपणे चालला. त्या सत्याग्रहींच्या निष्ठेपुढे मान लवते. पुढे २०१५ साली महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या वधासही बंदी आली. त्या कायद्यात परराज्यात झालेल्या वधाचे मांस बाळगणे हाही गुन्हा ठरविला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली राज्यातील वधबंदी कायम ठेवून ते कलम मात्र घटनाबाह्य ठरविले, म्हणजे जिनिव्हातला सरहद्दीचा प्रश्न राज्याच्या हद्दीवरही जसाच्या तसा उभा राहिला. पण त्याहून मला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी दोन आहेत. ज्या गोठ्यात गाय बांधलेली असते त्याच गोठ्यात म्हैसही असते, तिचेही दूध घराने प्यालेले असते, आणि गोमांसाची निर्यात निषिद्ध असलेला आपला देश म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगातील अग्रगण्य देशांत मोडतो. आणि दुसरी गोष्ट ही की दुष्काळात चारापाणी तुटलेल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याने म्हातारा बैल कोणाच्या जिवावर पोसावा, याची तजवीज कायद्याने पुरेशी केली नाही. बैलपोळ्याला त्याच बैलाच्या शिंगांना रंग लावून, त्याच्या पायांवर पाणी घालून घरातल्या बाईने त्याला पुरणपोळी भरविलेली असते. त्याला त्या घराहून अधिक दया कोणी दाखवावयाची राहिली आहे असे नाही. शहरातील करुणेचे बिल मात्र त्याच घराच्या नावावर फाडले जाते. इन्युइट, खलाशी आणि हा शेतकरी, तिघांच्याही बाबतीत हिशेब एकाच पद्धतीने चुकतो.

याहून निराळी पद्धत या भूमीवर एका राजाने घालून दिली होती, आणि तिचे लेख एका व्यापारी बंदरातच सापडावेत याचे मला फार अप्रूप वाटते. वसईजवळचे सोपारा हे प्राचीन शूर्पारक. परदेशी गलबते जेथे लागत त्या या बंदरात अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. आठव्या लेखात पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रा करीत आणि आपण त्यांऐवजी धर्मयात्रा आरंभिल्या असे तो सांगतो. नवव्यात खऱ्या मंगलाचरणाची जी लक्षणे दिली आहेत त्यांत दास व सेवक यांच्याशी सद्‌वर्तन आणि प्राणिमात्रांविषयी संयम ही दोन्ही आहेत. सेवकाविषयीची सद्‌बुद्धी आणि प्राण्याविषयीचा संयम त्याने एकत्र ठेवला, वेगवेगळ्या खात्यांत विभागला नाही. इतर ठिकाणच्या लेखांत तो म्हणतो की आपल्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. म्हणजे आरंभ त्याने आपल्या ताटापासून केला. सरहद्दीपलीकडचा प्रश्न आला तेव्हा चोल, पांड्य, ताम्रपर्णी आणि यवन राजा अंतियोक यांच्या मुलखांत मनुष्यांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय केली, आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या पाठवून लावविल्या. खर्च मगधाच्या खजिन्याचा, उपकार परक्या देशाच्या गुराढोरांवर. त्याने हुकूम काढलेच नाहीत असे नव्हे. राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी अवध्य प्राण्यांची एक लांब यादीच त्याने स्तंभांवर कोरविली, आणि तीत कासवही आहे. परंतु त्यानंतरच्याच वर्षी आपल्या कारकिर्दीचा आढावा घेताना त्याने लिहून ठेवले की धर्माची वाढ नियमांनी थोडी झाली, समजावणीने अधिक.

आज व्यापारी करारांच्या वाटाघाटींत प्राणिकल्याणाची कलमे येऊ लागली आहेत; युरोपीय संघाने चिलीशी २००२ साली केलेल्या करारापासून ती प्रथा पडत गेली. असे कलम पुढे आले की आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ म्हणून ते झिडकारावयाचे, हा आपल्या प्रतिनिधींचा जुना शिरस्ता. तो सोडावा असे माझे मत आहे. कलम स्वीकारावे, आणि त्याबरोबर तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: पुरेशी मुदत, साधनांच्या खर्चात खरेदी करणाऱ्या देशाचा वाटा, आणि जो माल अशा दयेने मिळविला असेल त्याच्यावरील जकातीत सूट, जेणेकरून चौकट बसविलेल्या बोटीच्या कोळंबीला चौकट नसलेल्या बोटीच्या कोळंबीपेक्षा चार पैसे अधिक मिळतील. आपण स्वतः खरेदीदार असू तेव्हाही हीच अट आपल्यावर लागू झाली पाहिजे. २०१४ साली बळेच चारा कोंबून फुगविलेल्या बदकांच्या यकृताची आणि २०१७ साली मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात आपण बंद केली, ते योग्यच झाले. पण त्यात आपले असे काहीच गेले नाही. आपले जाते ते कोळंबीत, म्हशीच्या मांसात आणि चामड्यात, आणि या तिन्ही व्यापारांतील निर्यातदारांवर एक लहानसा उपकर बसवून त्यातून बोटींच्या चौकटी, म्हाताऱ्या बैलांचा चारा आणि कत्तलखान्यांची सुधारणा यांचा खर्च भागविण्याचा प्रस्ताव दिल्लीतील वाणिज्य मंत्रालयाला आजही मांडता येईल. त्याला जिनिव्हाची परवानगी लागत नाही.